पंप बंद, पक्षी त्रेपन्न

आमच्या पाणी सोसायटीचा पंप सलग तीन वर्षं चालला नाही, आणि त्या तीन वर्षांत आमचे ऑपरेटर मामा एक दिवसही रजेवर गेले नाहीत.

सकाळी आठला ते सायकलवरून यायचे. खाकी शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, खिशात टेस्टर. कुलूप काढून चपला बाहेर सोडायचे आणि देवळात जावं तसे पंपहाऊसमध्ये शिरायचे. मोटर फडक्यानं पुसायचे. आतून जाम होऊ नये म्हणून तिचा दांडा हातानं चार वेढे फिरवायचे. फिरवताना तिच्याशी बोलायचे. "उठायचं न्हाई तर नगं उठू. पर गंजू नगंस माय." मग बाहेर येऊन पायरीवर बसायचे आणि धरणाकडं बघत राहायचे.

पाणी तेव्हा फार खाली गेलं होतं. पाण्यात बुडून राहायचं ते पाइपाचं तोंड भेगाळलेल्या गाळावर लोंबत होतं. जे थोडं पाणी उरलं होतं ते पिण्यासाठी राखून ठेवलेलं, उपसायला बंदी. सोसायटीत पगार द्यायलाही काही नव्हतं. तरी मामा यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाणी न सांगता गेलंय, न सांगता यील. तवा हितं कुणी नगं का?"

पंप चालू होता तेव्हाच मला सोसायटीनं पंपहाऊस झाडायला आणि माठ भरायला ठेवलं होतं, आणि मामांसारखी मीही येत राहिले. आमचे मालक दिवाळीनंतर उसाला जायचे ते वैशाखात यायचे. माझ्या पाठीत भरल्यामुळं मला मोळ्या उचलवत नव्हत्या, म्हणून मी घरी सासूबाईंजवळ राहिले होते. घरात आम्ही दोघी आणि एक म्हैस.

मी कुणाशी बोलत नसे. आजही फारसं बोलत नाही. पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "कुठलं गं माहेर?"

मी पदर ओढून माठाशी बोलावं तसं म्हटलं, "दिंद्रुडाकडलं."

"आँ?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही.

"लाइन हाय," ते म्हणाले, "पर स्टार्टर जाम हाय."

त्यांना सगळ्या माणसांत मोटर दिसायची. चेअरमन म्हणजे आवाज मोठा, पाणी कमी. माझ्या सासूबाई म्हणजे जुनी मोटर, गरम लवकर होते पण जळत नाही. हे मी घरी येऊन सांगितलं नाही. सासूबाई त्यांना 'येडा हापरेटर' म्हणत, हेही मी तिकडं सांगितलं नाही.

पंपहाऊसच्या खाली धरणात एक बेट होतं. धरण होण्याआधीचं गाव त्या उंचवट्यावर होतं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचा माथा वर यायचा. पडक्या भिंती वाहून गेलेल्या. राहिले होते ते उंबऱ्याचे दगड, जोत्याच्या ओळी आणि जमिनीत पुरलेली उखळं. दुपारी उन्हाच्या वाफेत ते बेट पाण्यापासून सुटून वीतभर वर तरंगल्यासारखं दिसायचं. मी झाडू हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राही. वाटे, आता ते हळूच उठेल आणि वाऱ्याबरोबर वडवणीच्या डोंगराकडं निघून जाईल.

त्या बेटावर उन्हाळ्यात पांढरे पक्षी अंडी घालायला यायचे. पुस्तकात त्यांचं नाव सुरय आहे, हे मला फार नंतर कळलं. गावात त्यांना नुसतं 'पांढरी पाखरं' म्हणत, आणि मामा 'पाहुणे' म्हणत. कबुतराएवढे, पण अंगानं सडपातळ. राखी पंख, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, तांबडे पाय आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबायचे आणि दगड सुटावा तसे खाली पडायचे. वर येताना चोचीत मासोळी. घरटं म्हणून काही बांधत नसत. उघड्या मातीवर नाहीतर जोत्याच्या दगडाशी छातीनं खळगा करायचा आणि त्यात दोन-तीन अंडी. एका जोडीनं तर उखळातच घातली होती. ते उखळ सासूबाईंच्या घरचं. तिथंच त्या नवी नवरी म्हणून आल्या होत्या.

मी एकदा धीर करून त्यांना हे सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत. भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "कुटायच्या जागी निजतीत म्हण की."

मामांकडं वीतभर लांबीचा लोखंडी पाइपाचा तुकडा होता. दोन्हीकडून मोकळा, भिंग वगैरे काही नाही. त्यातून ते पक्षी बघायचे. चेअरमन एकदा हसून म्हणाले, "मामा, ह्याच्यातून काय लांबचं जवळ दिसतंय व्हय?"

"न्हाई," मामा म्हणाले. "बाकीचं दिसत न्हाई."

एके दिवशी त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. मी डोळ्याला लावला. आधी नुसता उजेड. मग त्या गोल उजेडात एक पक्षी आला, जोत्यावर उतरला, पंख मिटले, अंड्यांवर बसण्याआधी पोटाची ओली पिसं झटकली. अंडी गार ठेवायला ते पाण्यात पोट भिजवून येतात. धरण नाही, गाव नाही, दुष्काळ नाही. तो एकटा पक्षी आणि त्याच्या पोटाचं पाणी. मी तुकडा खाली घेतला तेव्हा माझ्या डोळ्याभोवती लोखंडाचा गोल उमटला होता. घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कुणी मारलं का काय?"

पंपहाऊसमध्ये सोसायटीचं एक लॉगबुक होतं. रोज पंप किती तास चालला, पाणी कुठवर आहे, आणि शेवटी शेरा. मामांचा हात कापू लागला तेव्हापासून ते सांगायचे आणि मी लिहायचे. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीच्या वर्षी आमचं सगळं घर उसाला गेलं आणि शाळा तिथंच राहिली. पण अक्षर बरं होतं. मी लिहायचे: 'पंप बंद. तास शून्य. पाणी नाही. पक्षी त्रेपन्न.'

चेअरमन एकदा ते बुक चाळत बसले. "ओ मामा, हे सोसायटीचं बुक हाय का पाखराचं पंचांग?"

"शेऱ्याचा रकाना हाय न्हवं. त्यात लिवलंय."

"शेऱ्यात मोटरीचं लिवायचं असतंय."

"मोटर झोपलीय. झोपलेल्याबद्दल रोज काय लिवावं?"

चेअरमन माणूस वाईट नव्हता. हसून बुक ठेवून दिलं.

मामांना लग्नात जेवायला बसवलं की ते शेवटच्या पंगतीला बसत, आणि उठताना वाढप्याला विचारत, "किती पानं झाली?" देवळात गेले तर नारळ फोडत नसत, नमस्कार करून घंटेच्या साखळीला तेल लावून येत. पाऊस कधी येणार असं विचारलं की म्हणत, "मला येणाऱ्याचं कळत न्हाई, आलेल्याचं कळतं." पुढं म्हातारपणी लेक त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेली. मी एकदाच भेटायला गेले होते. खाटेवर पडल्या पडल्या ते छताच्या पंख्याकडं बघत होते. मला म्हणाले, "बेरिंग गेलंय त्याचं. कुणाला ऐकायला येत न्हाई." मी कान दिला. खरंच, बारीक किरकिर होती.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच.

हे पाहुणे दर साली तेच येतात की दुसरे, हा प्रश्न मामांना फार वर्षांपासून पडला होता. दुसऱ्या कुणाला असा प्रश्न पडला असता तर तो दोन दिवसांनी विसरला असता. मामांनी मोटरीच्या जुन्या केबलीतल्या वायरी सोलल्या. त्यात तीन रंगांच्या वायरी असतात, तांबडी, पिवळी, निळी. आतली तार काढून टाकली की वरचं रंगीत वेष्टण नळीसारखं राहतं. त्याची बारीक कडी कापली, एका बाजूनं चिरली, आणि बेटावर जाऊन उडायला न शिकलेल्या पिलांच्या पायात घातली. पहिल्या साली तांबडी घातली.

पुढचे दोन-तीन उन्हाळे त्यांनी डोळे फोडून बघितलं. एकाच्याही पायात कडं दिसेना. मामांनी मनाशी धरलं की सगळी पिलं मेली; आपण पायात काहीतरी घातलं म्हणूनच मेली. तेव्हा त्यांनी वर्षभर चहा सोडला होता म्हणे. मग एकदा मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात एक पक्षी अडकला. मामांनी तो सोडवायला हातात घेतला तर पायात कडं. पिलू असताना त्याचे पाय मळकट होते, मोठा झाल्यावर तांबडे झाले. तांबड्या पायात तांबडं कडं.

"इतकी वर्सं डोक्यावरून उडायलेत," मामा मला सांगताना म्हणाले, "अन् मी त्यांचं सुतक पाळायलोय."

त्यानंतर त्यांनी रंग बदलले. आमच्या बेटावरच्या पिलांना निळं. वडवणीकडं एका लहान तळ्यातही असेच पक्षी अंडी घालायचे. रविवारी मामा सायकलवर तिकडं जात आणि तिथल्या पिलांना पिवळं घालत. वाटेत लोक विचारायचे, कुठं निघालात? मामा म्हणायचे, "सोयरिकीला."

आमच्या बेटावर दर साली पन्नास-बावन्न पक्षी असायचे. दुष्काळाच्या तिसऱ्या साली तर त्रेपन्न झाले. मामा खुशीत होते. "पाणी हाटलं, माणसं हाटली, पर आपलं बेट हाटलं न्हाई," असं दोन-तीनदा म्हणाले. चेअरमनलाही त्याचा अभिमान. बाहेरगावचा कुणी आला की बोट करून दाखवायचे.

मग फाल्गुन संपता संपता एका सकाळी मामा पाण्याच्या काठाशी जाऊन बसले. तिथून बेट हाकेवर होतं. मला म्हणाले, "बुक घे. मी पाय सांगतो, तू लिव." पाइपाचा तुकडा डोळ्याला लावून ते एकेक उतरणाऱ्या पक्ष्याचा पाय बघून सांगू लागले.

"पिवळा. रिकामा. पिवळा. पिवळा. निळा. रिकामा. पिवळा..."

मी लिहीत गेले. पिवळे पुष्कळ झाले. निळे नऊवर थांबले. मामांचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी तुकडा खाली ठेवला आणि डोळा चोळला.

त्या रविवारी ते वडवणीकडं गेले. सोमवारी आले ते मोटरीचा दांडा न फिरवता पायरीवर बसले.

"तळं न्हाई राह्यलं," ते म्हणाले. "तळात शेळ्या बसल्यात. तिकडली सगळी हिकडं आलीत."

मी माठ टेकवला आणि उभी राहिले.

"आपली कमी व्हायलीत, पोरी. दर साली थोडी थोडी. अन् तिकडली येऊन जागा भरायलीत. आकडा तोच. मी आकडा बघून खूश. मला वाटलं, घर भरलंय." त्यांनी बेटाकडं बघितलं. "घर न्हाई हे. छावणी हाय."

तालुक्यात तेव्हा गुरांच्या छावण्या उघडल्या होत्या. दहा गावची गुरं एका दावणीला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय भरलेला गोठा आहे. मला माझ्या माहेरची आळी आठवली. सगळी उसाला गेलेली, काही कारखान्यावरच राहिलेली. तिथं पाचटाच्या झोपड्यांची, कोप्यांची रांग दर साली लांबत होती, आणि आमच्या आळीत दारांना काटे लावलेले. मी हे बोलले नाही. पण मामांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

"आता ह्यांना हितून कुठं जायला न्हाई," ते म्हणाले. "दोन घरची माणसं हितं हाईत. अवंदा हितली अंडी गेली, तर दोन्ही घरं गेली."

आणि नेमकं त्याच वेळी बेट काठाला लागू लागलं.

बेट आणि काठ यांच्यामधली पाण्याची पट्टी आटून माघातच गाळाची एक मान वर आली होती, साठ-सत्तर पावलं लांब आणि तीसेक पावलं रुंद. मधोमध सखल जागेत रुतवणारा चिखल उरला होता, तोही आता वरून घट्ट झाला. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायची आमच्याकडं रीत आहे. गाळपेर म्हणतात. दुष्काळात चाऱ्यासाठी सोसायटी त्या पट्ट्या वाटून देई. काठालगतच्या चांगल्या पट्ट्या आधीच गेल्या होत्या. ती मान कुणी घेईना म्हणून आम्हाला मिळाली. सासूबाईंनी आणि मी पाय रुतवत तिथं मका टोकला होता. गाळाच्या ओलीवर तो गुडघ्याच्या वर आला होता. त्या रखरखाटात तेवढाच हिरवा तुकडा. सासूबाई रोज संध्याकाळी काठावर उभ्या राहून त्याच्याकडं बघायच्या, लेकराला निजलेलं बघावं तशा.

त्या मक्यातून पहिलं कुत्रं बेटावर गेलं. दुष्काळात गावची कुत्रीही उपाशी होती. मामांनी दगड मारून हाकललं. दुसऱ्या दिवशी दोन आली. उंबऱ्याच्या दगडाशी फुटलेली कवचं सापडली. उपाय एकच होता: मानेवर आडवा चर काढायचा, इकडच्या पाण्यापासून तिकडच्या पाण्यापर्यंत, म्हणजे बेट पुन्हा सुटं होईल. पण चर जायचा तो आमच्या मक्यातून. मऊ गाळात पाणी शिरलं की दोन्ही बाजू ढासळणार. निम्मं पीक तरी जाणार.

मामांनी मला काही म्हटलं नाही. ते सोसायटीकडं गेले.

पंपहाऊसच्या पुढं मीटिंग बसली. आम्ही बायका मागं, भिंतीला टेकून. मामांनी उभं राहून सांगितलं. तुटक तुटक, मोटर बिघडल्यावर सांगतात तसं. चेअरमननं लॉगबुक मागवलं.

"मामा, हे तुमचंच बुक हाय का न्हाई? गेल्या साली बावन्न. अवंदा त्रेपन्न. मग कमी कुठं झालीत?"

"आकडा खरा हाय," मामा म्हणाले, "पर पाखरं ती न्हाईत."

"ती न्हाईत म्हंजी? पाखराला काय सातबारा असतो का, ही हितली न ती तिथली?"

सगळे हसले. मामाही ओठ हलवून हसल्यासारखं करू लागले, पण ते हसणं नव्हतं.

"बरं, ज्याची पेर त्याला इच्यारा," चेअरमन म्हणाले. "मालक तर उसाला गेलेत. मावशी, तुमी बोला."

सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माझी म्हैस काय पाखराच्या पखावर जगती व्हय? न्हाई. चर न्हाई न बिर न्हाई."

"संपलं मग," चेअरमन म्हणाले.

ते आकडे माझ्या अक्षरात होते. कोणत्या पानावर पिवळे किती आणि निळे किती, हे त्या सगळ्यांत मला एकटीला ठाऊक होतं. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की शेवटचं पान बघा. मी पदर तोंडात धरून बसले. मामांनी बुक उचललं, शर्टानं पुसलं, आत नेऊन ठेवलं आणि सायकल हातात धरून चालत गेले. बसून नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी मी विळा घेऊन मक्यात गेले. मानेच्या मधोमध सखल जागी, या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत, पाच हात रुंदीची पट्टी कापत गेले. मका कोवळा होता, दाबला की हातात रस यायचा. भारा डोक्यावर घेऊन घरी आले आणि म्हशीपुढं टाकला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "एवढं कवळं कापलंस कावून?"

मी भाऱ्याची गाठ सोडू लागले.

"अगं, मी इच्यारायले."

"चर काढायचाय, आत्याबाई."

"कुणी सांगितलं? त्या येड्यानं?"

"कुणी न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, दावं सोडलं आणि म्हणाल्या, "तुझं तू निस्तर. मी हिला घिऊन छावणीला चालले." आणि खरंच गेल्या, गोधडी, तवा आणि पिठाचा डबा घेऊन. छावणीत गुरांपाशी माणसांनाही राहावं लागे. दोन महिने त्या तिथं पालात राहिल्या.

मामा आठला आले. पायरीवरून त्यांना हिरव्यात पडलेली ती पट्टी दिसली. पंपहाऊसच्या कोपऱ्यातून दोन खोरी आणि एक टिकाव काढला. त्या दिवशी त्यांनी मोटरीचा दांडा चार नाही, आठ वेढे फिरवला.

इथल्या आळीतल्या पाचजणी रोजगार हमीच्या कामावर चर खणायला जायच्या. त्यांचे हात तयार होते. काम नऊला सुरू व्हायचं. त्याआधी दोन तास यायला त्या कबूल झाल्या. मी त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक काही सांगितलं नाही. नुसती टोपली घेऊन दारात उभी राहिले असेन.

खरी अडचण वेगळीच होती. खोरं चाललं की पक्षी उठायचे. आणि अंडी उन्हात उघडी राहिली तर शिजतात. मामांनी त्यावर पंपाच्या पाळीची रीत काढली. ते मानेच्या टोकाशी बसले. हात वर केला की 'चालू', आम्ही खणायचं. पक्षी फार वर चढले की हात खाली, 'बंद'. मग आम्ही सगळ्या मक्यात आडव्या. पक्षी खाली येऊन बसले की पुन्हा 'चालू'.

त्या सकाळी मला अजून स्वप्नात येतात. सहा बायका ओल्या गाळात पालथ्या पडलेल्या, कानाशी मक्याची पानं सळसळतात, गाळाचा थंडावा पोटाला लागतो. वर पांढरे पंख गोल गोल फिरतात आणि एकेक करून उतरतात. कुणी हलायचं नाही. एकीला हसू फुटायचं आणि ती तोंडात पदर कोंबायची. दुसरी कुजबुजायची, "लग्नानंतर येवढी निवांत मी कधी पडले न्हवते बाई." मामा टोकाशी तसेच, हात खाली, डोळे वर. कितीतरी वेळ काहीच घडायचं नाही. सूर्य धरणातून ओला होऊन वर यायचा.

चौथ्या सकाळी दोन्हीकडचं पाणी एकमेकांना भेटलं. मधला शेवटचा बांध मीच खोऱ्यानं ओढला. आधी एक बोटभर ओहोळ, मग अचानक दोन्ही काठ धपाधप ढासळले, मका उभाच्या उभा आडवा झाला आणि पाण्यानं मोठा आवाज केला. बेटावरून सगळे पक्षी एकदम उठले. या वेळी गोल फिरले नाहीत. सरळ पश्चिमेकडं निघाले आणि उजेडात विरून गेले.

बायका थोडा वेळ थांबल्या आणि कामावर निघून गेल्या.

आकाश रिकामं होतं. ऊन चढत होतं. मामा बेटाकडं पाठ करून गाळात बसले.

"मला न्हाई बघवत," ते म्हणाले. "तू बघ. काय दिसंल ते सांग."

मी उभी राहिले. बेटावर उंबऱ्याचे दगड आणि दगडांशी अंडी, उघडी.

"काय दिसायलंय?"

"काही न्हाई, मामा."

मग आमच्या बाजूला, मोडलेल्या मक्याच्या कडेला, एक कुत्रं आलं. पिवळसर, फासळ्या दिसणारं.

"गप का झालीस?"

"कुत्रं आलंय."

"कुठवर?"

"चराच्या काठाला."

मामांनी दोन्ही मुठींत गाळ धरला. मला दगड मारता आला असता. पण आज हाकललं तर उद्या कळणार कसं, म्हणून मी उभीच राहिले.

"आता?"

"वास घेतंय. ...पाय घातला."

"बुडाला?"

"रुतला. ...काढला. झटकायलंय."

"आता?"

"दुसऱ्या जागी घालायलंय. ...तिथंबी रुतला." कुत्रं काठाकाठानं पार टोकापर्यंत गेलं, तिथं उभं राहिलं, बेटाकडं बघितलं आणि खाली बसून अंगावरचा गाळ चाटू लागलं. "मामा, बसलंय. ...उठलं. गावाकडं निघालं."

मामांनी मुठी सोडल्या. पण मान वळवली नाही. आकाश तसंच रिकामं होतं. माझी सावली पायाखाली येत चालली होती. अंड्यांवरचं ऊन मला माझ्याच पापण्यांवर जाणवत होतं. कितीतरी वेळ गेला. का फार वेळ गेला नसेल.

पश्चिमेकडून पांढरं काहीतरी आलं. पाण्याला पोट घासून वर उठलं आणि जोत्यावर उतरलं.

"एक," मी म्हटलं.

"आँ?"

"एक आला!"

"पाय?"

"पिवळा."

त्याच्यामागून आणखी. मी मोजू लागले. दोन, तीन, चार. ते पोट भिजवून येत होते, आणि बसण्याआधी पिसं झटकत होते. सात. अकरा. माझा आवाज पाण्यावरून पलीकडं जात होता आणि परत येत होता. तो माझाच आहे हे मला ओळखू येत नव्हतं. उखळाशी एक उतरला, दोनदा आत वाकून बघितलं आणि बसला. एकोणीस. एकवीस. मग बराच वेळ कुणी नाही.

"थांबलं का?" मामांनी विचारलं.

"न्हाई. आली आणखी. बावीस. तेवीस, चोवीस."

"निळी किती?"

"तीन."

"तीनच?"

"पंचवीस. ...हे निळं. चार."

"अन् त्या उंबऱ्याशी? तिथं बसलं का कुणी? जोडीनं बसलंय का एकटं? पिवळी कुठं बसलीत, आपल्यातच का बाजूला?"

"अवो मामा," मी ओरडले, "मान वळवा की आता! सगळं मीच सांगू व्हय?"

मामा जागच्या जागी दचकले. मग गाळात एक हात टेकून, हळूहळू, सगळं अंग घेऊन, ते बेटाकडं वळले.